दोरीवर वाळत घातलेला प्रोग्राम

मी सात कागद मोजून दोरीवर टांगले, शिडीवरून उतरून पुन्हा मोजले तर सहा भरले, आणि सहाच असतील असं म्हणून मी कामाला लागलो.

चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरतं. निस्तरायला मात्र दोन दिवस, बर्फ ठेवायची एक रिकामी खोली आणि एका बाईच्या माहेरची अब्रू एवढं सगळं लागलं. पण दोरी माझी नव्हती, चाचांची होती. तेव्हा आधी चाचा सांगायला हवेत.

चाचा माझे मालक. श्रीवर्धनच्या अलीकडे एका लहानशा बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या माळ्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. तरुणपणी ते आखातात गेले, जहाजांवरचे रेडिओ आणि रडार दुरुस्त करत पुष्कळ वर्षं काढली आणि परत आले. परत आलेले लोक आधी घर बांधतात, मग घरावर मजला चढवतात. चाचांनी मशीन बांधलं. जेवणाच्या डब्याएवढं, मच्छीमार बोटींसाठी. बोटीच्या तांडेलाला, म्हणजे तिच्या कप्तानाला, समुद्रात चांगली मासळी लागली किंवा जाळं फाडणारा दगड लागला, की त्याने बटण दाबायचं. ती जागा, तिथली पाण्याची खोली आणि तांडेल देईल ते नाव, अशी एक खूण मशीनच्या कार्डात जाऊन बसायची. पुढच्या वर्षी मशीन त्याला बरोबर तिथे नेऊन उभं करायचं.

वर्कशॉपमध्ये खुर्ची नव्हती. मुद्दाम नव्हती. "बसून लिवलं का मानूस जास्ती लिवतो," असं चाचांचं मत होतं. प्रोग्राम उभ्याने लिहायचा, छातीइतक्या उंच फळीवर कॉम्प्युटर ठेवून. गिऱ्हाइकांसाठी मासळीचे दोन क्रेट पालथे घालून ठेवलेले होते, पण त्यांवर आम्ही बसायचं नाही. पहिल्या महिन्यात माझे पाय असे सुजले की चपला एक नंबर मोठ्या घ्याव्या लागल्या. मी तक्रार केली. चाचांनी माझा त्या आठवड्याचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत बघितला, मग माझे पाय बघितले आणि म्हणाले, "पाय सुजले खरे. पन प्रोग्राम बघ कसा बारीक झालाय."

कार्डात पाणी गेलंय का, हे ओळखायला त्यांच्याकडे एकच उपकरण होतं. जीभ. बिघडलेलं कार्ड आलं की त्याच्या सोनेरी पट्ट्यांना जिभेचं टोक लावायचं, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. "खारं हाय, समुद्र गेलाय." नाहीतर, "गोडं हाय, पावसाचं पानी." एकदा एक तांडेल शपथेवर सांगत होता की मशीनवर मोठी लाट आली. चाचांनी जीभ लावली आणि तिथल्या तिथे खिडकीबाहेर थुंकले. "तौबा! समुद्रात माडी कधीपास्नं भरली रं?"

मी त्यांच्याकडे आलो तो नवी मुंबईतली नोकरी गमावून. तिथल्या कंपनीत माझं काम दुसऱ्यांचे प्रोग्राम नीटनेटके करायचं. मग एके दिवशी कंपनीने स्वतःलाच नीटनेटकं करायला घेतलं आणि त्या झाडलोटीत मी बाहेर पडलो. चाचांनी माझं सर्टिफिकेट बघितलं नाही. त्यांनी स्वतःचा प्रोग्राम माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी वाचू लागलो. दहाएक ओळींनंतर त्यांनी हात वर केला.

"मधली एक ओळ गाळलीस."

"ती नुसती टीप आहे, चाचा. मशीनसाठी नाही, माणसासाठी लिहिलेली."

"मग तू कोन हायस? टीपच वाच. बाकीचं मशीन वाचते."

टीप होती, 'इथे दोनदा वाच. हे कार्ड पहिल्यांदा लाजते.' अशा टिपा सगळ्या प्रोग्रामभर होत्या, मराठीत, आणि प्रत्येकीच्या शेवटी कुणा ना कुणा तांडेलाचं नाव. ज्याच्या बोटीवर ती अडचण आली, तो त्या ओळीचा मालक. ओळ काढायची असेल तर आधी मालकाला विचारायचं. एकदा मला एक ओळ फालतू वाटली, तर चाचांनी मला एसटीने म्हसळ्याला पाठवलं. ओळीचा मालक मुलीकडे राहायला गेला होता. त्याने दारातच सांगितलं, "ठेव. माजी हाय." मी परत आलो.

आता थोडं यंत्राच्या पोटातलं, पण थोडंच. बोटीवरची बॅटरी झटके देते. वीज मध्येच गेली की बाजारातलं साधं कार्ड वेड्यासारखं करतं. म्हणून कार्डावर माहिती कशी मांडायची, याची चाचांनी स्वतःची रीत बसवली होती. आमच्या धंद्यात हिला फाइल सिस्टिम म्हणतात. बंदरावर सारख्या मापाच्या टोपल्या ओळीने मांडाव्यात, तसे कार्डाचे सारखे तुकडे पाडलेले असतात. हे ब्लॉक. प्रत्येकाला नंबर. पहिल्या ब्लॉकचा नंबर शून्य, आणि त्याच्यात यादी की कुठली खूण कितव्या ब्लॉकमध्ये आहे. यादी गेली तर टोपल्या जागेवरच असतात, पण कुठल्या टोपलीत काय आहे, ते कुणालाच माहीत नसतं.

तर हा ब्लॉक वाचून आणायचा उद्योग चाचांच्या प्रोग्राममध्ये सात ठिकाणी होता. खुणेचं नाव आणायला एकदा, खोली आणायला एकदा, अशी सात फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, आणि सातही दिसायला सख्खी भावंडं. माझ्यासारख्या झाडलोटवाल्याला हे बघून अंगावर पित्त उठतं. सातांच्या जागी एकच फंक्शन लिहायचं, आणि ज्याला ब्लॉक हवा त्याने त्याला हाक मारायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी चाचांच्या मागे लागलो.

"चाचा, एकच गोष्ट तुम्ही सात वेळा लिहिलीय. उभ्याने!"

"सात येळा न्हाय. सात अडचनी आल्या, सात लिवली."

"पण सारखीच आहेत ना?"

"सारखी असतील तर कर एक. माजी ना न्हाय. पन आधी टांग."

टांग म्हणजे दोरीवर टांग. ही चाचांची खरी विद्या. उन्हाळ्यात किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या दोऱ्या असतात. चाचा प्रोग्राम कागदावर छापायचे आणि बोंबलांच्या शेजारी चिमट्यांनी टांगायचे. सारखी वाटणारी पानं शेजारीशेजारी, ओळीला ओळ लावून. मग हात पाठीमागे बांधून दोरीच्या कडेने चालायचे, वाचायचे नाहीत, नुसतं बघायचे. एखाद्या पानावरची ओळ शेजारच्या पानाच्या ओळीला जुळली नाही की तिथे थांबायचे. पडद्यावर आठ दिवस न सापडलेली चूक त्यांना त्या दोरीवर एका फेरीत सापडलेली मी बघितली आहे. माझ्या त्या काळातल्या सगळ्या कागदांना आजही बोंबलाचा वास येतो.

मी हे काम काढलं ते जुलैत. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही. म्हणून दोरी कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये बांधलेली होती. आत असा दमटपणा की भिंतींना घाम फुटायचा. चाचांना त्याच दिवशी भाचीच्या निकाहासाठी म्हसळ्याला जायचं होतं. जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सातही पानं टांगून बघ. आणि मी येईपर्यंत कुणाच्या मशीनला नवीन प्रोग्राम लावू नको.

पहिली गोष्ट मी जवळजवळ पाळली.

सात कागद टांगले, सहा भरले. दोरीच्या कडेने हात पाठीमागे बांधून चाललो. चाचांसारखं चालायला मला फार आवडायचं. सहाही पानं ओळीला ओळ जुळली. मला इतका आनंद झाला की सातवं कुठे गेलं, हा प्रश्न मला किरकोळ वाटला. वर जाऊन मी एक सुंदर फंक्शन लिहिलं. 'नंबर सांग, ब्लॉक आणतो. नंबर शून्य असेल तर तिथे काही ठेवलेलंच नाही असं समज आणि कोरा ब्लॉक दे.' सहाही पानं हेच म्हणत होती. जुनी सातही फंक्शनं मी पुन्हा न वाचता काढली आणि त्यांना हाक मारणाऱ्या सगळ्या ओळींमध्ये नवं नाव घातलं. वाचली सहा, काढली सात. दुकानातून आणलेल्या नव्याकोऱ्या कार्डावर चालवून बघितलं. मशीनने विचारलं, 'कार्ड कोरं आहे. तयार करू?' मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. सगळं उत्तम चाललं. कार्ड खरोखरच कोरं होतं.

दुसरी गोष्ट मी मोडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण गिऱ्हाईक आलं आणि मला शहाणपणा दाखवायचा होता.

गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच बंदरावरच्या कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल. मी त्यांना काका म्हणायचो. समुद्रात चाळीस वर्षं. पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा ते किनाऱ्याकडे बघून जागा धरायचे. डोंगराचं टोक आणि मशिदीचा मिनार एका रेषेत आले की इथे दगड, मिनार एक बोट डावीकडे सरकला की तिथे घोळ मासा. पण आता त्यांचे डोळे अधू झाले होते. ऑपरेशन होऊनही उपयोग झाला नव्हता. किनारा त्यांना नुसता हिरवा धूर दिसायचा. मशीनवरचे मोठे आकडे तेवढे वीतभर अंतरावरून दिसायचे. डोळे पुरते जायच्या आधीच्या दोन मोसमांत त्यांनी चाळीस वर्षांच्या सगळ्या जागा एकेक करून त्या डब्यात भरल्या होत्या. कुणाला न दाखवता. बोटीवर ते मशीनपुढे असे उभे राहायचे की खलाशांना त्यांची पाठ दिसावी.

तो डबा होता तोवर ते तांडेल होते. डब्याशिवाय एक आंधळा म्हातारा, आणि आंधळ्याबरोबर कोण समुद्रात जातो? नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती.

"काका, नवीन प्रोग्राम टाकून देतो," मी म्हणालो. "एकदम हलका झालाय."

"भाय आल्यावर टाकू की." चाचांना सगळं बंदर भाय म्हणायचं.

"चाचांनीच सांगितलंय." हे मी म्हणालो. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

प्रोग्राम टाकला. मशीनने विचारलं, 'कार्ड कोरं आहे. तयार करू?'

काकांनी डोळे पडद्याला लावून अक्षरं लावली. "ह्ये काय इचारतंय?"

"काही नाही, नवीन प्रोग्राम विचारतोच असं. हो म्हणा."

काका हो म्हणाले. मशीन जरा थांबलं आणि त्याने पुन्हा विचारलं, 'कार्ड कोरं आहे. तयार करू?'

कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हणालो, "अजून एकदा हो म्हणा."

मग मी खुणांची यादी उघडली. यादी स्वच्छ होती. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून झालेलं नव्हतं.

काका पालथ्या क्रेटवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्याबरोबर काकी आल्या होत्या, त्यांची बायको, बंदरावर मासळी विकणारी. त्यांनी मला विचारलं, "काय झाला?" मी म्हणालो, "थोडी तांत्रिक अडचण आहे." काकी म्हणाल्या, "थोडी म्हंजे हा मानूस असा बसत न्हाय."

चाचा दुपारी आले. निकाहातल्या अत्तराचा वास घेऊन आले. मी सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. त्यांनी कार्ड काढलं, जीभ लावली, डोळे मिटले.

"कोरडं हाय. समुद्राचा कसूर न्हाय." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

ते शेडमध्ये गेले, दोरीच्या कडेने चालले आणि शेवटच्या पानापाशी थांबले. पान चिमटीत धरून अंगठ्याने हलकेच चोळलं. पानाची दोन पानं झाली. सातवा कागद दमटपणाने सहाव्याच्या पाठीला चिकटून बसला होता. त्याच्यावरचं फंक्शन यादी वाचायचं होतं, आणि त्याच्या डोक्यावर टीप होती, 'हा ब्लॉक शून्यच आहे. इथे शून्य म्हणजे रिकामं नव्हे.'

म्हणजे असं झालं होतं. मशीनने यादी मागितली, यादी शून्य नंबरात होती, आणि शून्य म्हटल्याबरोबर माझं सुंदर फंक्शन कार्डाकडे बघायलाही न जाता हातात कोरा कागद ठेवत होतं. यादी कोरी, तर कार्ड कोरं. म्हणून मशीनने विचारलं, तयार करू? आणि आम्ही हो म्हणाल्यावर त्याने खऱ्या यादीवर कोरी यादी लिहिली. दोनदा, माझ्या आग्रहावरून.

"नसेल तर न्हाय म्हनावं," चाचा कागद हातात धरून म्हणाले. "मागनाऱ्याच्या हातात कोरा कागद देऊन गप करू नये. प्रोग्रामनं न्हाय, मानसानं पन न्हाय."

"नक्कल आहे ना कुठे? दुसऱ्या कार्डावर?" मी विचारलं.

नक्कल नव्हती. ती का नव्हती हे मला माहीत होतं, मीच त्यावरून त्यांच्याशी वर्षभर भांडत होतो. तांडेलाच्या खुणा म्हणजे अमानत, विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. चाचांनी प्रत्येक तांडेलाला शब्द दिलेला होता की खुणा कार्डाबाहेर जाणार नाहीत आणि कुणी बघणार नाही, खुद्द चाचासुद्धा. "नक्कल ठेवली म्हंजे नजर ठेवली," असं ते म्हणत.

पण टोपल्या जागेवर होत्या. यादी तेवढी गेली होती. एकेक ब्लॉक उघडून बघितला तर खुणा सापडणार होत्या. अडचण अशी की त्याच टोपल्यांत काकांनी पुसलेल्या जुन्या खुणा होत्या, चुकून बटण दाबून झालेल्या होत्या, चाचणीच्या होत्या. खरी कुठली आणि मेलेली कुठली, हे फक्त काकाच सांगू शकत होते. आणि दुसऱ्या कुणी बघायचं नाही.

मग चाचांनी जी व्यवस्था लावली ती मी कुठल्याही कंपनीत बघितलेली नाही. बर्फ ठेवायची खोली रिकामी होती. तिच्यात एक मोठा पडदा ठेवला, वायर दाराखालून बाहेर काढली. काका आत, दार बंद. मी बाहेर, कॉम्प्युटरपाशी, उभा. मी बटण दाबायचं, आत एक खूण, नावासकट, वीतभर उंच अक्षरांत उमटायची, आणि काकांनी आतून दोनच शब्दांपैकी एक ओरडायचा. व्हय म्हणाले की ठेवायची, न्हाय म्हणाले की टाकायची. माझ्या पाठीमागे चाचा उभे, मी चोरून काही बघत नाही ना हे बघायला. मी बघणार काय होतो? माझ्यासमोर लोखंडी दार होतं. पण चाचा म्हणाले, "मी तुज्यावर न्हाय, अमानतीवर उभा हाय."

"व्हय!" आतून आवाज यायचा. खोली अशी घुमायची की विहिरीतून कुणी बोलतंय असं वाटावं. "न्हाय! न्हाय! व्हय!"

कारखान्याचा मुकादम एकदा डोकावला. बंद दारासमोर दोन माणसं उभी, आणि आतून कोणीतरी व्हय-न्हाय ओरडतंय. त्याने चाचांना विचारलं, "भाय, पोलिसांना बोलवू?"

काकी मासळीच्या रिकाम्या पाटीवर बसून सगळं बघत होत्या. "चाळीस वरसं झाली," त्या मला म्हणाल्या, "कवा बोलला न्हाय कुठं जातो. मला न्हाय, सोताच्या भावाला न्हाय. नि आता खोलीत बसून वरडतोय."

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपत आलं आणि आतून काहीच ऐकू येईना. ना व्हय, ना न्हाय.

"काका?"

"थांब."

थोड्या वेळाने परत, "काका?"

"दोन हायत," आतून आवाज आला. "सासू दोन हायत."

काकी उठल्या. दारापाशी गेल्या आणि दारावर थाप मारली.

"कोन सासू?"

काकींनी पुन्हा थाप मारली.

"मी इचारते, कोनाची सासू?"

"जाल फाडनारा दगड हाय गो एक," आतून अगदी लहान आवाज आला. "त्याला नाव ठेवलाय."

"माज्या आयेचा नाव? दगडाला?"

"नाव न्हाय घातला. सासूच घातला."

चाचांनी दोन्ही कानांत बोटं घातली, कारण खुणेचं नाव हीसुद्धा अमानत. मी मात्र सगळं ऐकलं. प्रकरण गंभीर होतं. 'सासू' नावाच्या दोन खुणा सापडल्या होत्या. एका जागी खरा दगड, दुसरी कधीतरी चुकून दाबलेली. कुठली खरी ते काकांना आठवत नव्हतं, आणि दोन्ही ठेवाव्यात तर एक चांगली जागा उगाच सुटत होती. चुकीची ठेवली तर मोसमाच्या पहिल्या फेरीला जाळं त्या दगडावर जाणार, आणि आंधळ्या तांडेलाने जाळं फाडलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदरावर होणार. काका त्यासाठीच तिथे बसले होते, की असं कुणी म्हणू नये.

काकींनी पदर कमरेला खोचला. "पानी किती हाय?" त्यांनी दाराला विचारलं.

"ह्या एका जागी सा वाव. नि दुसऱ्या जागी अकरा." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी. पाण्याची खोली तशी मोजतात.

"अकराची ठेव."

"तुला काय ठाव?"

"जाल कोन साफ करता? तू करतंस? ज्या सालाला जाल फाटलाव, त्याच्यान काल्या शिपल्या होत्या नि लाल शेवाल. काल्या शिपल्या सा वावात मिलतान काय रं?"

मग दार उघडलं. काका उंबऱ्यात उभे राहिले, आतल्या गारव्यामुळे अंगावर कारखान्याचं गोणपाट घेऊन, आणि काकी कुठे आहेत ते नीट दिसावं म्हणून त्यांच्या अगदी जवळ आले.

काकी थांबल्या नव्हत्या. निळा चिखल आला की खाडीच्या तोंडाबाहेरची जागा. पांढरी रेती नि तुटकी पोवळी म्हणजे मिनाराची. काळा चिखल, गंधकाच्या वासाचा, म्हणजे जिथे जायला काकांना तीन दिवस लागतात आणि घरी एकच दिवस सांगतात ती. चाळीस वर्षं त्या रोज जाळ्यातला चिखल धूत होत्या, आणि आपला नवरा समुद्रात कुठे कुठे उभा राहून आला ते चिखलावरून वाचत होत्या.

"समदं ठाव होता तुला?" काकांनी विचारलं.

"समदं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू कवा इचारला?"

चाचांच्या कानांत अजून बोटं होती. ते मला मोठ्याने विचारत होते, "काय म्हनते? काय म्हनते?" मी त्यांना सांगितलं की अमानत काकींकडे चाळीस वर्षं आहे. त्यांनी बोटं काढली आणि म्हणाले, "म्हंजे नक्कल होती."

उरलेल्या खुणा त्या संध्याकाळच्या आत झाल्या. या वेळी दार उघडं होतं आणि दोघंही आत होती. व्हय आणि न्हाय दोन आवाजांत यायला लागलं, कधीकधी एकाच वेळी, उलटसुलट. अशा वेळी मी काकींचं ऐकत होतो. चाचांनी पाठ फिरवली होती. मीही फिरवली. मान मात्र अवघडली.

सातांचं एक करायचा माझा हट्ट चाचांनी पुरवला, पण त्यांच्या पद्धतीने. सातही पानं पुन्हा टांगली, या वेळी प्रत्येक पान टांगण्याआधी त्यांनी दोन्ही बाजूंनी फुंकर मारून बघितलं. एकाच्या जागी दोन फंक्शनं झाली. एक, मागितलेला ब्लॉक खरोखर जाऊन आणणारं, शून्य असो नाहीतर आणखी काही, आणि नाही मिळाला तर स्पष्ट नाही म्हणणारं. दुसरं, जिथे काही ठेवलेलंच नाही तिथे कोरा ब्लॉक देणारं, पण आधी विचारून. बाकीची सगळी फंक्शनं या दोघांना हाक मारतात. काम सुटसुटीत झालं, हे चाचांनीही मान्य केलं. दुसऱ्या फंक्शनवरच्या टिपेच्या शेवटी त्यांनी मालक म्हणून माझं नाव लिहिलं. ती ओळ काढायची झाली तर आता कुणाला तरी एसटीने माझ्याकडे यावं लागेल.

नारळी पौर्णिमा झाली आणि काकांची बोट गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती जाळं धड घेऊन. काकींनी चाचांना चांगली मोठी पापलेटं पाठवली. मला, वेगळ्या पिशवीत, पापलेटांची डोकी.

महिन्याभराने उरणकडचा एक तांडेल आला. आमच्या काकांनीच पाठवलेला. त्याला मशीन हवं होतं. त्याने डबा हातात घेऊन उलटापालटा केला, बटणं दाबून बघितली, मग फळीपाशी उभा असलेल्या माझ्याकडे हनुवटी केली.

"भाय, ह्यो कोन?"

"आमचा इंजिनेर."

"हुशार हाय काय?"

चाचांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"हुशार न्हाय. पन कुठलीबी मशीन समुद्रावर द्यायच्या आधी चार दिवस ह्याच्या हातात देतो. ह्याच्या हातून वाचली, तर मग समुद्र तिचं काय करनार हाय?"